चारूच्या वाटचे थेंब

शैलजा गायधनींच्या घरी बिअर ओतली की हॉल लांब होतो, व्हिस्की ओतली की फरशी पायरीभर खाली उतरते आणि कॉकटेल ओतलं की भिंतीला एक खिडकी फुटते. नाशिकच्या गंगापूर रोडवर इमारतींना काही तोटा नाही, पण हे होतं ते याच फ्लॅटमध्ये, आणि तेही मैत्रिणी बसल्या तरच. एकदा गायधनींनी, म्हणजे शैलाच्या नवऱ्याने, एकट्यानेच बिअर उघडून पाहिली होती. हॉल तसूभरही हलला नाही. तेव्हापासून ते घरावर जरा नाराजच आहेत, आणि मैत्रिणी येणार असल्या की त्या रविवारी सिन्नरला बहिणीकडे निघून जातात. तसंही हॉल लांबला की त्यांना त्यांच्या चपला सापडत नाहीत.

खालच्या मजल्यावर पाटणकर राहतात. शैलाची फरशी उतरली की त्यांचं छत खाली येतं. पाटणकर सभ्य गृहस्थ. अशा दुपारी ते आपल्याच घरात वाकून वावरतात आणि सोमवारी लिफ्टमध्ये भेटले की ‘काय, छान गप्पा झाल्या ना?’ एवढंच विचारतात.

या मैत्रिणी म्हणजे शैला स्वतः, चारुशीला क्षेमकल्याणी आणि हेमलता निकम. तिघींनी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये, ट्रंक बोर्डावर काढली. डोक्याला हेडफोन, समोर दिव्यांची भिंत, हातात वायरी, आणि ‘बोला, लाइन जोडलीय’ हे वाक्य झोपेतसुद्धा. तिथल्या एका रीतीने त्यांना जन्माचं वळण लावलं. एखादी जागेवर नसली आणि तिच्या बोर्डावर दिवा लागला, तर तो कॉल शेजारणीने घ्यायचा. कुणी सांगायचं नाही, कुणाला विचारायचं नाही, हात आपोआप गेला पाहिजे. शैलाचा अजून जातो. शेजारच्या फ्लॅटची बेल वाजली तरी हिचा हात आपल्या दाराच्या कडीवर असतो.

रिटायर झाल्यावर बायका भजनी मंडळ काढतात, शैलाने शेकर आणला. कैरी, कोकम, पुदिना, काळं मीठ, जे हाताला लागेल ते ती जिनमध्ये घालून खळखळवते आणि नातवाच्या बारशाला ठेवावं तशा उत्साहाने त्याला नाव ठेवते. निकमची बिअर घरचीच. तिच्या न्हाणीघरातल्या निळ्या ड्रममध्ये ती शिजते, मुरते, फसफसते. जावई तिला क्राफ्ट बिअर म्हणतो, निकम ‘आमचं पाणी’ म्हणते. चारूची मात्र व्हिस्कीच. बर्फ नाही, सोडा नाही, वरून चमचाभर पाणी. निकमची बाटली आडवी व्हायची तरी चारूचा ग्लास अर्ध्यावर असायचा, आणि तिला त्याबद्दल कुणी चिडवलं की ती म्हणायची, ‘मी पीत नाही गं, मी भेट घेते.’

चौथी होती सिंधू. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. तिची वेताची खुर्ची अजून त्यांच्यात मांडलेली असते. पहिला घोट घ्यायच्या आधी प्रत्येकीने करंगळीशेजारचं बोट ग्लासात बुडवायचं आणि थेंब त्या खुर्चीकडे उडवायचे. हे सगळेच करतात, पण कुणासाठी ते बऱ्याच जणांना आता आठवत नाही. या बायकांना आठवतं. जी इथं नाही तिचा वाटा आधी, मग आपला. घरालाही ही रीत पाठ झालेली आहे.

त्या रविवारी, एप्रिलातल्या भर दुपारी, चारू भाजलेल्या पापडांचा डबा घेऊन आली आणि चपला काढता काढता म्हणाली, “माझी बंद झालीय.”

“काय बंद झालीय?” निकमने विचारलं.

“व्हिस्की. लिव्हरने हात वर केलेत. डॉक्टर म्हणाले, आता थेंबभर जरी घेतलीत तरी माझ्याकडे येऊ नका. लेकीला शब्द दिलाय मी.”

“मग?”

“मग काय? येणारच की मी. मी काय दारूसाठी येत होते का?”

या प्रश्नावर तिघींनी जरा विचार केला.

“नाही,” शैला म्हणाली. तिला मनापासून तसंच वाटत होतं. पण तेवढ्याने भागत नाही, हेही तिला ठाऊक होतं. ज्यांची बंद होते ते पहिल्यांदा येतात, नुसतेच बसतात, पापड मोडतात, लवकर उठतात. मग ‘पुढच्या वेळी नक्की’ सुरू होतं. मग तेही थांबतं. शैलाने हे गायधनींच्या मित्रांमध्ये पाहिलेलं होतं. चारूचं तसं झालेलं तिला चालणार नव्हतं. बोर्डावर तिच्या डाव्या हाताला कायम चारू असायची, आणि त्या बाजूला कुणी नसलं तर शैलाला आजही खांद्याला वारं लागतं.

तिने चारूसाठी तिचा जाड बुडाचा ग्लास मांडला. रिकामाच. निकमने आपल्या ग्लासात बिअर ओतली आणि हॉल लांबला. टीव्ही तिकडे दूर गेला, सोफ्याला आणखी एक उशी आली. शैलाने शेकरमधून कैरीचं कॉकटेल गाळलं आणि पूर्वेच्या भिंतीला खिडकी फुटली. खिडकीबाहेर कुणाचं तरी परसदार होतं. एक म्हातारे गृहस्थ तिथं मटार सोलत बसले होते. त्यांनी वर पाहून मान डोलावली. शैलानेही डोलावली.

फरशी मात्र होती तिथंच राहिली.

“पाटणकरांना आज सरळ चालता येईल,” चारू म्हणाली.

निकमने बोट बुडवून खुर्चीकडे थेंब उडवले. शैलाने उडवले. मग चारूची पाळी आली, आणि चारूच्या ग्लासात बुडवण्यासारखं काही नव्हतं. ती नुसतीच ग्लासाकडे बघत राहिली. बोर्डावरचा दिवा लागून राहावा आणि कुणी उचलू नये, तसं काहीतरी त्या गप्प बसण्यात होतं. शैलाला ते सहन झालं नाही. तिचा हात गेला. तिने आपल्याच ग्लासात पुन्हा बोट बुडवलं आणि चारूच्या वतीने थेंब उडवले.

घाईत ते खुर्चीपर्यंत पोचलेच नाहीत. चारूच्या मांडीवर पडले.

“अगं,” निकम म्हणाली.

“पुसते,” शैला म्हणाली आणि नॅपकिन शोधू लागली. पण घराने ते पाहिलं होतं. थेंब ज्याच्या अंगावर पडतात तो इथं नसतो, एवढंच घराला माहीत, आणि तिथून पुढे त्याने रीतीप्रमाणे सुरुवात केली.

आधी चारूची साडी कडक झाली. मग तिचे गुडघे दुमडेनात. “माझी पाठ कोचाला लागत नाहीये,” ती म्हणाली. शैलाने बघितलं तर चारूची जाडी पापडाइतकी उरली होती. समोरून पाहिलं तर ती जशीच्या तशी होती, कपाळावरच्या टिकलीसकट. बाजूने पाहिलं की ती नव्हतीच.

“दुखतंय का?” शैलाने विचारलं.

“दुखत नाही. हलकं वाटतंय. डावा कान मात्र दुमडलाय, सरळ कर.”

शैलाने बोटाने कान सरळ केला. तो चकचकीत, गार लागला, फोटोच्या कागदासारखा. तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्याने चारू कोचावरून उचलली गेली, दोनदा गिरकी घेतली आणि समोरच्या भिंतीला जाऊन चिकटली. निकमने धावत जाऊन पंखा बंद केला. पण आता चारूच्या डोक्यामागे भिंतीतून एक खिळा आला होता, आणि ती त्यावर नीट, सरळ बसली होती. तिच्याभोवती लाकडी चौकट धरू लागली.

“शैले,” निकम म्हणाली, “हे तू काय करून ठेवलंस बया.”

शैलाच्या डोळ्यांत पाणी आलं. “मी तिचं काम उरकायला गेले.”

“तिचं काम तू उरकलंसच,” निकम म्हणाली.

“तिला बोलू नकोस,” चारू भिंतीवरून म्हणाली. “तिच्या जागी मी असते तर माझाही हात गेला असता. आपल्या सुपरवायझरने हेच शिकवलं होतं. तुम्ही असं करा, आधी खाली काच येतेय ती बघा.”

चौकटीच्या तळाशी खरंच काच आली होती. ती गाडीच्या खिडकीसारखी हळूहळू वर सरकत होती आणि चारूच्या घोट्यांपर्यंत पोचली होती. काचेच्या वर चारू बोलत होती, हसत होती. काचेखालची तिची पावलं मात्र अजिबात हलत नव्हती. ती वरपर्यंत पोचली की काय होणार, हे तिघींनाही कळलं.

निकमने चौकट धरून ओढून पाहिली. ती भिंतीतच उगवलेली होती. मग निकमने काच खाली दाबून पाहिली. काच तिच्या जोराला दाद न देता वर सरकली.

“जी थेंब उडवते ती इथं असते,” निकम म्हणाली. तिचं डोकं हिशेबी. “ज्याच्यावर उडवतात तो नसतो. म्हणजे हिने उडवायला पाहिजेत. स्वतःच्या ग्लासातून, स्वतःच्या हाताने.”

“मग ग्लास भरा माझा,” चारू म्हणाली.

कपाटात व्हिस्कीची बाटली होती. चारूचीच, मागच्या वेळची, खांद्यापर्यंत भरलेली. शैलाने ती काढली, झाकण फिरवलं, आणि तो वास आल्यावर चारूच्या चेहऱ्याचा कागद थोडा फुगला. गालांना गोलाई आली. नुसत्या वासाने एवढं, तर एका घोटाने ती टुणकन खाली उतरली असती. शैलाला तेच हवं होतं. तिचा हात ओतायला तयार होता.

“नाही,” चारू म्हणाली.

“अगं, एकच थेंब. बोट बुडवण्यापुरता.”

“बोट बुडवलं की जीभही बुडते, शैला. मी ओळखते मला. भिंतीवरून उतरेन आणि दिवाळीच्या आत परत याच खिळ्यावर बसेन. तेव्हा मात्र अशी बोलत नसेन. झाकण लाव.”

शैलाने झाकण लावलं. इतकं साधं झाकण, पण लावताना तिला हुंदका आला. तिने बाटली बेडरूमच्या कपाटात, गायधनींच्या स्वेटरांखाली नेऊन ठेवली. परत आली तोवर हॉल लांडा झाला होता. निकमच्या ग्लासातली बिअर तशीच पडून फेस मोडला होता, आणि न प्यायलेल्या ग्लासाचं माप घर व्याजासकट परत घेतं. टीव्ही जवळ आला होता. सोफ्याची जास्तीची उशी गेली होती. परसदारातले गृहस्थ आपली मटारची परात उचलून उभे राहिले, कारण खिडकी मिटत होती, आणि शेवटी त्यांनी ‘अच्छा’ म्हणावं तसा हात केला.

“पिऊन टाक पटकन, हॉल तरी राहील,” शैला म्हणाली.

“ही भिंतीवर असताना मला घोट उतरणार नाही,” निकम म्हणाली, आणि ते खरंच होतं.

मग त्या कामाला लागल्या. निकमने आधी साधं पाणी दिलं, काचेवरून हात आत घालून. पाण्याने चारूच्या हनुवटीला डाग पडला. “पाणी नको, मी विरघळेन,” ती म्हणाली. मग निकमने आपल्या पिशवीतून न आंबलेल्या काढ्याची बाटली काढली. पुढच्या बिअरसाठी तिने तो तयार केला होता आणि शैलाला चव दाखवायला आणला होता. चारूने तो ओठांना लावला. घर हललं नाही. “खोकल्याचं औषध,” चारू म्हणाली. शैलाने कैरीचं पन्हं केलं, त्यात पुदिना घातला, सोडा घातला, ग्लासच्या कडेला तिखटमीठ लावलं. घर जरा थरथरलं, पण कुठे काही उघडलं नाही.

“चांगलं आहे,” चारू म्हणाली. “मुंजीत देतात तसं.”

काच कमरेपर्यंत आली होती. हॉल आता एका खोलीएवढा राहिला होता. सिंधूची वेताची खुर्ची सोफ्याला टेकली होती, सोफा शैलाच्या पोटऱ्यांना. स्वयंपाकघरातून मटणाचा वास येत होता. निकमनेच येऊन ते चढवलं होतं आणि ते अजून शिजत होतं. चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून चंदनाच्या मण्यांचा हार खाली उतरायला लागला. चारूने तो दोनदा झटकला.

“कोण आहे तिकडे? कुणाशी बोलतेस?” शैलाने विचारलं, कारण चारू मधेच मान वळवून पुटपुटली होती.

“सिंधू.”

दोघींनी वेताच्या खुर्चीकडे पाहिलं.

“इथं शेजारीच आहे,” चारू म्हणाली. “बरी आहे. केस काळेच आहेत मेलीचे. विचारतेय, दरवेळी थेंब पाठवता, बर्फ का नाही पाठवत? आणि शैला, ती म्हणतेय, पन्ह्यात गूळ कमी पडला.”

“तिला आधीपासून गोडच लागायचं,” शैला म्हणाली. ती रडतही होती आणि तिला हसूही येत होतं. सिंधू बरी आहे हे ऐकून तिला फार बरं वाटलं. इतकी वर्षं खुर्चीकडे उडवलेलं वाया गेलेलं नव्हतं.

पण चारूला तिकडे जाऊ द्यायचं नव्हतं. शैलाने डोळे पुसले, पदर खोचला आणि चौकटीसमोर उभी राहून तिने आपला जुना बोर्डावरचा आवाज काढला. स्वच्छ, सपाट, घाई नसलेला.

“बोला. काय हवंय आपल्याला?”

चारूने तो आवाज ओळखला. ती आपोआप सरळ झाली.

“व्हिस्की,” ती म्हणाली.

“व्हिस्की मिळणार नाही. व्हिस्कीतलं काय हवंय?”

चारूने विचार केला. असं तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं. “धूर,” ती म्हणाली. “नाकात जातो तो. मग घशाला चटका. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ती गटागटा पिता येत नाही. पन्हं कसं, उचललं की संपतं. संपलं की मग रिकामा ग्लास घेऊन तुमच्या तोंडाकडे बघत बसायचं. मला हातात असं काहीतरी हवंय, जे तुमच्या गप्पा संपेपर्यंत पुरेल.”

“होल्ड करा,” शैला म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

स्वयंपाकघर आखडून कपाटाएवढं झालं होतं. त्यात निकमला शिरता येईना, म्हणून ती दारात उभी राहून मागेल ते देत गेली. शैलाने कोरा चहा कडक उकळला. त्यात सुंठ, मिरी, एक लवंग ठेचून टाकली. आमसुलं टाकली. आंबटपणा पुढे येतोय असं वाटल्यावर चिमूटभर गूळ. गाळून तो पातेल्यात ओतला, पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून गार केला, मध्ये एक वाटी तरंगत ठेवली. मग गॅसवर कोळसा लाल केला, वाटीत ठेवला, वर तुपाचा थेंब सोडला आणि धूर उठताच झाकण घट्ट दाबलं. ताकाला धुरी देतात तशी. तिच्या आईच्या ताकाला अशी धुरी असायची. जिनच्या बाटल्यांनी भरलेल्या या घरात ते तिला आजवर सुचलं नव्हतं, याचं तिला आता नवल वाटलं.

“किती वेळ?” निकमने विचारलं.

“धुराला घाई करता येत नाही.”

“काच खांद्यापर्यंत आलीय. हात तिने वर काढून धरलेत.”

“तरी नाही करता येत,” शैला म्हणाली. तिने मटणाचा गॅस बंद केला आणि झाकणावर हात दाबून उभी राहिली. तिला मनातून भीती वाटत होती, पण हातांना वाटत नव्हती. हात आपलं काम जाणत होते. झाकणाच्या कडेतून धुराची एक बारीक रेघ निघाली तेव्हाच तिने ते उघडलं आणि जाड बुडाच्या ग्लासात दोन बोटं ओतलं.

ओतताक्षणी छत वर गेलं.

हे या घरात कधी झालं नव्हतं. लांबी वाढली होती, खोली वाढली होती, खिडक्या फुटल्या होत्या, पण उंची कधी वाढली नव्हती. छत सरळ वर चढत गेलं आणि पंखा इतका वर गेला की पतंगाएवढा दिसू लागला. हॉल मात्र मोठा झाला नाही. खाली फक्त तिघींपुरतीच जागा होती, आणि वर नुसतं वरच होतं. निकम मान मागे टाकून बघत राहिली.

“घराला पटलं,” ती म्हणाली.

शैलाने काचेवरून ग्लास आत दिला. काच तेव्हा चारूच्या हनुवटीशी होती. पलीकडे जाताच ग्लास चारूसारखाच चपटा झाला, पण त्यातला धूर मात्र जाडच राहिला. चारूने ग्लास नाकाशी नेला. डोळे मिटले. एक लहानसा घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात ठेवला.

“अगं बाई,” ती म्हणाली.

“काय?”

“चटका आहे. चढणार काहीच नाही, पण मला हे जेवणापर्यंत पुरेल.” तिच्या गालांना पुन्हा गोलाई आली. टिकलीचा रंग ओला झाला. “शैला, याला नाव काय ठेवलंस?”

“अजून काही नाही.”

“सिंधू म्हणतेय, नाव नको ठेवूस. तुझी नावं तिला कधीच आवडली नाहीत.”

“थेंब,” निकम म्हणाली. “गप्पा नंतर. काच बघ.”

चारूने करंगळीशेजारचं बोट ग्लासात बुडवलं. ते भिजलं आणि फाटलं नाही. तिने ते वर धरलं. मग तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि तशीच थांबली.

“कुणाकडे उडवू?”

“सिंधूकडे. नेहमीसारखे.”

“सिंधू माझ्या शेजारी आहे. जी इथं नाही तिच्याकडे उडवायचे ना?” चारूने त्या दोघींकडे पाहिलं. “इथून पाहिलं तर तुम्ही दोघी नाही आहात.”

काच तिच्या ओठांशी आली. तिने हनुवटी उंचावून ओठ काचेच्या वर ठेवले.

“खोटे उडवता येणार नाहीत का? कुठेतरी तिरके?” निकमने विचारलं.

“नाही. तिरके गेले म्हणून तर हे झालं.”

निकमने सगळं मनात मांडून पाहिलं. “म्हणजे तिने आपल्यावर उडवले, तर उडवणारी ती, म्हणून ती बाहेर येईल. किंवा ज्यांच्यावर उडवले त्या आपण, म्हणून आपण आत जाऊ. यातलं नक्की काय?”

“नक्की नाही सांगता येत,” शैला म्हणाली. “लाइन कुठे लागतेय ते बोर्डावर बसून तरी आपल्याला आधी कुठे कळायचं?”

“एक तर तिकडे नाही तर इकडे,” चारू काचेच्या वरून म्हणाली. “पण तिघी एकीकडे.”

“एकीकडे हे नक्की ना?” शैलाने विचारलं.

“ते नक्की.”

शैलाला एकदम शांत वाटलं.  निकमने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. “ड्रममध्ये माझी एक बॅच आहे,” ती म्हणाली. “ती काय, पडून राहिली तर आणखी मुरेल.” आणि ती शैलाच्या अंगाला अंग लावून उभी राहिली. दुसरीकडे उभं राहायला आता जागाही नव्हती.

“घाबरलीस का गं?” चारूने विचारलं. मान पूर्ण मागे टाकली तरी काच आता तिच्या खालच्या ओठाला टेकली होती, त्यामुळे आवाज थोडा भरलेला येत होता.

“थोडी,” शैला म्हणाली. “पण तुझ्याशिवाय बसायची भीती याहून जास्त आहे. उडव तू.”

चारूने काचेवरच्या फटीतून हात बाहेर काढता येतो का पाहिलं. बोट तेवढं आलं. बोटाच्या टोकाला तपकिरी थेंब धरला होता आणि त्यातून धुराची रेघ वर, त्या उंच छताकडे जात होती. तिने बोट झटकलं.

थेंब निघाला. बाहेर येताना तो मोठा होत गेला, आवळ्याएवढा, मग लिंबाएवढा, आणि घाई नसल्यासारखा सावकाश खाली येऊ लागला. शैलाने तीर्थ घेताना करतात तसा उजव्या हाताचा खोलगा केला, निकमचा तळवा ओढून त्याखाली धरला, आणि दोघी वर बघत उभ्या राहिल्या.